तिसरी खूण

विनायकच्या हातात कंदील होता, हे बसगोंडा बिरनाळेनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, हे तुम्ही पाहिलेलं नाही. कुणाकडून तरी ऐकलेलं आहे."

बसगोंडा खुर्चीत उठून बसला. डोक्यावरची जाळीची टोपी अजून तशीच होती. खोलीत ओल्या मातीचा आणि हळदीचा वास भरून राहिला होता. तो भिंतीमागच्या यंत्रानं सोडलेला होता, हे त्याला माहीत होतं, तरी हात झटकून अंगावरची हळद झाडावी असं त्याला वाटत होतं.

"ऐकलेलं? अहो बाई, आत्ता बघितलं मी. हिरवा शर्ट, डाव्या हातात कंदील. तोंड हललेलं बघितलं त्याचं. 'जळतोय' म्हणाला."

"तुम्हाला दिसलं हे खरंच आहे." डॉ. हेमांगी सबनीस यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. मेंदूच्या चित्रावर एका बाजूला थोडे पिवळे ठिपके होते, बाकी सगळा काळोख. "माणूस स्वतः अनुभवलेलं आठवतो ना, तेव्हा वासाची जागा, कातडीची, कानाची, पायाखालच्या जमिनीची, अशा सगळ्या जागा डोळ्याचं पातं लवायच्या आत एकदम पेटतात. तुमची आधी फक्त भाषेची जागा पेटली. चित्र मागून आलं. म्हणजे आधी एक वाक्य होतं, आणि त्या वाक्यावरून तुम्ही चित्र काढलंत. खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. तुम्ही अगदी मनापासून चुकताय."

"मग खरं काय झालं?"

"तेच तर शोधतोय. पण काका, दोन बैठका झाल्या. आता एकच राहिली."

आणि सोमवारी खटल्याचा निकाल होता. आज गुरुवार.

सांगलीपासून चार कोसांवर नदीकाठी कोथळगाव आहे. तिथली जमीन चिकट आणि पाणी न झिरपणारी, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तिथं हळद पेवात ठेवतात. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं रांजणासारखं कोठार, वीस-पंचवीस फूट खोल, वर माणूस कसाबसा जाईल एवढंच तोंड. महापुरांनी अर्धीअधिक पेवं गिळली होती. पण गेल्या दहा वर्षांत उन्हाळे असे तापले आणि वीज अशी रुसली की शीतगृहांपेक्षा पेवं बरी, असं व्यापाऱ्यांना पुन्हा वाटू लागलं, आणि बसगोंडासारख्या जुन्या पेवकऱ्यांना मान आला.

पेवाचं एकच भय. तोंड लिंपून बंद केलं की आतली हवा मरते. त्या मेलेल्या हवेला ना वास ना रंग, ती तळाशी पाण्यासारखी साचून राहते. म्हणून पेव उघडलं की रात्रभर मोकळं ठेवायचं, आणि सकाळी दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडायचा. तो विझला नाही, तर ज्यानं सोडला त्यानं मोठ्यानं "जळतोय" म्हणायचं. तो आवाज आल्याशिवाय पेवात पाय घालायचा नाही. सरकारनं हवा मोजायचं यंत्रही दिलं होतं. ते शेडमध्ये खोक्यातच होतं, कारण कंदिलानं आजवर कुणाला दगा दिला नव्हता.

चौदा महिन्यांपूर्वी, २०४३ च्या फाल्गुनात, बसगोंडाचा तेवीस वर्षांचा एकुलता एक मुलगा प्रज्वल पेवात उतरला आणि तळाशी पोचायच्या आत कोसळला. विनायक सुतार, बसगोंडाच्या हाताखाली बारा वर्षं काम केलेला गडी, श्वास कोंडून त्याच्यामागं उतरला आणि त्याला दोरीला बांधून वर पाठवलं. प्रज्वल गेला होता. विनायक तीन दिवस दवाखान्यात बेशुद्ध होता. त्या तीन दिवसांत गावाचं मत ठरलं, बसगोंडाचा जबाबही झाला. "आवाज कुणी दिला?" याचं उत्तर जबाबात होतं, विनायकनं. विनायक शुद्धीवर आला आणि म्हणाला, "मी न्हाई. काकांनी दिला." शुद्धीवर आल्यावर सुचलेली पळवाट, असं लोक म्हणाले. तेव्हापासून तो तुरुंगात होता.

आणि बसगोंडाला काहीच आठवत नव्हतं. म्हणजे आधी आठवत होतं, चांगलं ठसठशीत आठवत होतं. पोलिसांना सांगितलं, तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, कोर्टात सांगितलं. पण मागल्या दिवाळीत एकदा सारिकाला, त्याच्या बायकोला, तेच सांगताना तो मधेच थांबला. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा विनायकच्या शर्टाला रंग नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं. शर्ट नंतर कधीतरी हिरवा झाला होता.

त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. शेवटी त्यानं स्वतःच अर्ज करून खूणघर गाठलं.

स्मृतिसंकेत केंद्र असं त्याचं सरकारी नाव, पण ते नाव लिहिण्यापुरतं. लोक खूणघरच म्हणत. पाच वर्षांत खूणघरं गल्लोगल्ली झाली होती. कुणी हरवलेल्या अंगठीसाठी जाई, कुणी मेलेल्या आजीची आमटी कशी लागायची ते पुन्हा चाखायला. काखेत कळसा नि गावाला वळसा, असे नमुने तर रोजचेच. काही नवराबायको पंधरा वर्षांपूर्वीचं भांडण नेमकं कुणी सुरू केलं ते बघायला गेले आणि तिथूनच वकिलाकडे गेले. मात्र कोर्टात चालेल अशी साक्ष काढणारं खूणघर जिल्ह्यात एकच होतं, डॉ. सबनीसांचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी बसगोंडाला समजावून सांगितलं होतं. विसरणं दोन तऱ्हेचं. एक, गोष्ट मनात शिरलीच नाही. तिथं यंत्राचा इलाज नाही. दुसरी तऱ्हा जास्त सापडते. गोष्ट आत आहे, पण तिच्यापर्यंत जायची वाट बुजली आहे. ती वाट दाखवायला खूण लागते. वास, आवाज, चव, पायाखालची जमीन, त्या वेळेचं काहीही. म्हणून तर उंबरा ओलांडून आत आलं की माणूस विचारतो, मी आलो कशाला होतो? आणि परत बाहेर जाऊन उभं राहिलं की आठवतं.

"मग हळदीचा वास द्या की," बसगोंडा म्हणाला होता. "त्याच्यापरीस मोठी खूण कुठली?"

दिली, आणि झालं भलतंच. त्या पहिल्या बैठकीत त्याला हजारो सकाळी एकदम आठवल्या. कधी कंदील त्याच्या हातात, कधी विनायकच्या, कधी वीस वर्षांपूर्वी वारलेल्या त्याच्या बापाच्या. एकाच खुंटीवर घरातले सगळे कपडे अडकवले की हवा तो सदरा हाताला लागत नाही, तसं हे झालं, असं बाई म्हणाल्या. आयुष्यभर हळदीत वावरलेल्या माणसाला हळदीच्या वासानं एक ठरावीक दिवस सापडणार नव्हता. जिच्याशी फक्त तो एकच दिवस जोडलेला आहे, अशी खूण हवी होती.

दुसऱ्या, म्हणजे आजच्या बैठकीत त्या दिवसाचं तापमान दिलं, वारा दिला, शेजारच्या शेडमधल्या पंपाचा आवाज दिला. त्यातून तो हिरव्या शर्टाचा विनायक निघाला.

"तीनच का पण?" आज उठता उठता बसगोंडानं विचारलं. "सापडंस्तवर करू की."

"आठवण काढली की ती ओली होते, काका. परत वाळते तेव्हा आत्ताच्या मनाचे ठसे घेऊन वाळते. तुम्हाला जे हवंय, ज्याची भीती वाटतेय, ते सगळं त्यात उमटतं. तीनपेक्षा जास्त वेळा काढलेल्या आठवणीवर कायदाही विश्वास ठेवत नाही, आणि मीही ठेवणार नाही. शनिवारी या. पण खूण घेऊन या. त्या दिवशी होती, आधी कधी नव्हती आणि नंतरही नाही, अशी."

परतीच्या बसमध्ये बसगोंडा खिडकीला डोकं टेकून बसला. वाक्य आधी होतं, बाई म्हणाल्या. कुठलं वाक्य? आणि कवठ्याच्या थांब्यावर बस थांबली तेव्हा ते त्याला सापडलं. पोलीस चौकी, फिनेलचा वास, अंगावर अजून पेवाची माती, आणि फौजदाराचा दमलेला आवाज: "आवाज विनायक सुतारनंच दिला ना?" त्यानं मान हलवली होती. त्या घडीला कुणी "सूर्य पश्चिमेला उगवला ना?" असं विचारलं असतं तरी त्यानं मान हलवली असती.

त्यानं समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली. शेजारची बाई म्हणाली, "काका, पाणी पाहिजे काय?"

घरी ओट्यावर पूजा बसली होती, विनायकची बायको. दर गुरुवारी बाजार करून ती जाता जाता यायची. पहिले दोन महिने सारिकानं तिला हाकलून दिलं, शिव्या घातल्या. नंतर तेही सोडून दिलं. पूजा पाच मिनिटं ओट्यावर बसायची, एकच प्रश्न विचारायची आणि उठून जायची. आज तिच्या मांडीवर तीन वर्षांची पोर झोपली होती.

"काका, आठवलं काय?"

बसगोंडा दारातच उभा राहिला. चौदा महिने तो "न्हाई गं बाई" म्हणत आला होता. आज त्याला तेवढंही म्हणवेना.

"एक खूण पायजे," तो म्हणाला. "त्या दिवशीच हुती अशी. दोरी पोलिसांकडं हाय, कपडे..." कपडे प्रज्वलबरोबर गेले होते. "तुला विनायक काय बोलला हुता काय? कायबी. त्या सकाळचं."

पूजा विचारात पडली. "ह्यांनी एकदा भेटीत सांगितलेलं. प्रज्वल त्या दिशी लई वासाचा आलता म्हणं. नवा सेंट मारून. तर हे त्याला चिडवलेत, काय रं, संध्याकाळी पोरगी बघायला जायचंय का आत्ता हळदीला बघायला चाललास?" तिनं पोरीच्या तोंडावरची माशी हाकलली. "तेवढंच काका. चेष्टा केल्याली तेवढीच आठवत्यात हे सारखं."

आत स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज झाला.

पूजा गेल्यावर बसगोंडा आत आला. सारिका पाठमोरी उभी होती. चूल पेटवलेली नव्हती, परातीत पीठ नव्हतं, तरी ती परात पुसत होती.

"कुठाय बाटली?" त्यानं विचारलं.

"कसली?"

"सारिका."

"फुटली."

"त्या दिवशी संध्याकाळी जयसिंगपूरला स्थळ बघायला जायचं हुतं. त्यानं सेंट आणला हुता आदल्या दिवशी. सकाळी पयल्यांदा उघडला. तू वरडलीस बी त्याला, कामाला जाताना कशाला उडवतोस म्हणून. मला त्यो वास त्या दिवसानंतर कुठंच आला न्हाई. तूच लपीवलीस."

सारिका वळली. तिचा चेहरा बघून बसगोंडा एक पाऊल मागं सरकला.

"आणि समजा आठवलं," ती म्हणाली, "आणि तुमीच निघाला तर? मी काय करायचं? सांगा की! विन्याचं नाव हाय म्हणून मी ह्या घरात भाकरी करायलीय. सकाळी उठल्यावर शिव्या द्यायला एक माणूस हाय मला. त्यो बी काढून घेनार तुमी? मग शिव्या कुणाला देऊ? तुमाला? तुमच्याच ताटात वाढून?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी हुईल गं."

"हुऊ दे! माझा पोरगा गेलाय!"

ती ओरडली आणि मग गप्प झाली, कारण ओरडून आता काही मोकळं व्हायचं नाही हे तिलाही ठाऊक झालं होतं. बसगोंडा जमिनीवर बसला. त्याच्याकडे सांगायला एकच गोष्ट होती.

"सारिका, मला त्याचं तोंड आठवंना झालंय. प्रज्वलचं. आठवाया गेलं की विनायकचा हिरवा शर्ट येतो. चौदा महिने मी त्योच शर्ट आठवायलोय. पोराच्या जाग्यावर त्योच बसलाय."

 मग सारिका कपाटाकडे गेली, साड्यांच्या घडीखालून एक निळी बाटली काढली आणि हातात धरून उभी राहिली. तळाला बोटभर सेंट उरला होता.

"पयल्यांदा झाकण काढलं की त्यो दारात उभा ऱ्हायचा," ती म्हणाली. "खरंच. भांग पाडल्याला, बूट शोधत. मग मी रोज उघडाय लागले. दिवसातनं दोनदा, तीनदा. आता उघडली की कपाटच दिसतं. ह्या साड्या दिसत्यात. त्यो येत न्हाई." तिनं बाटली त्याच्यासमोर ठेवली. "घेऊन जावा. माझ्यापुरता संपलाय ह्यातनं."

शनिवारी सकाळी अकरा वाजता बसगोंडा पुन्हा त्या खुर्चीत बसला. सारिका बरोबर आली होती, पण आत यायला तयार झाली नाही. बाहेरच्या बाकावर बसली.

डॉ. सबनीसांनी बाटलीतले दोन थेंब यंत्रात घातले. "तुम्ही हा वास त्यानंतर खरंच घेतला नाहीत?"

"न्हाई."

"बरं. मी काही विचारणार नाही. काही सुचवणार नाही. तुम्हाला काही दिसलं नाही तर नाही दिसलं. ओढून आणू नका."

दिवे मंद झाले. आधी माती आली, मग हळद, मग फाल्गुनातल्या सकाळचं कोवळं पण चटका देणारं ऊन मानेवर पडलं. आणि मग तो वास आला. गोड, भडक, तरण्या पोरांना आवडतो तसला स्वस्त वास. बसगोंडाला पहिल्यांदा रागच आला. कामावर येताना काय हे, असं त्याच्या मनात आलं, आणि हा राग आजचा नव्हे हे त्याला कळायच्या आत सगळं उभं राहिलं.

डाव्या कानाला फोन. कान तापलाय. मुलीचे मामा बोलताहेत, जयसिंगपूरहून. किती माणसं येणार, म्हणजे पोह्यांचा अंदाज. "सात," तो म्हणतोय. "न्हाई, थांबा, आमचे साडूबी यायचं म्हणालेत. आठ धरा." पायाखाली दोन पेवांची तोंडं. समोरच्या तोंडाशी प्रज्वल, उतरायची दोरी ओढून बघतोय, भांग पाडलेला. त्याचं तोंड! हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक रेघ. विनायक कुठाय? विनायक तिकडं, शेडकडं पाठमोरा चाललाय. कंदील आणायला. कंदील शेडच्या खिळ्याला आहे. शर्ट पांढरा आहे. मामा विचारताहेत, चहा का सरबत? वारा येतो, सेंटचा भपकारा येतो. प्रज्वल पेवाच्या काठावर बसून पाय आत सोडतो, मान वर करतो.

"पप्पा, जळतोय का?"

आणि बसगोंडा फोनवर हात ठेवून, पोराकडे न बघता, कंदिलाकडे न बघता, तीस वर्षं रोज म्हटलेलं म्हणतो.

"जळतोय रे, जळतोय!"

आणि फोनमध्ये म्हणतो, "चहाच करा."

खुर्चीतला माणूस ओरडला नाही. त्याच्या तोंडून हवा बाहेर गेल्यासारखा नुसता एक आवाज झाला. दिवे लागले. डॉक्टरबाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला नाही, पण त्याला तो खिडकीच्या काचेत दिसला. सगळा पिवळा झाला होता.

बसगोंडा म्हणाला, "पण इतकी मोठी गोष्ट मी विसरलो कशी?"

"तुम्ही मोठी गोष्ट करत नव्हता," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या लेखी तुम्ही पोह्यांचा हिशेब करत होता. तोंडाला सवय होती, ते आपलं आपण बोललं. सवयीनं केलेलं मन वेगळं नोंदवून ठेवत नाही, काका. दाराला कडी लावली का, ते आठवत नाही ना आपल्याला, तसंच. या सेंटमुळे आजूबाजूचं सगळं पक्कं बसलं, त्याला धरून हेही आलं."

त्यांनी एक काळी काचेची पाटी पुढं ठेवली.

"आता नियमाप्रमाणे सांगते. आठवण तुमची आहे. तुम्ही अंगठा दिलात तर ही नोंद कोर्टात जाईल. नाही दिलात तर आज सहा वाजता आपोआप पुसली जाईल, आणि मी यातलं काही कुणाला सांगू शकत नाही. सांगितलं तर माझी सनद जाईल."

"मग घरी जाऊन विचार करतो. सोमवारी कोर्टात मीच तोंडानं सांगतो की."

डॉक्टरबाईंनी पाटी होती तिथंच राहू दिली. त्यांना सुचवायचं नव्हतं, पण हे सांगणं भाग होतं.

"ही आठवण आत्ता ओली आहे. तुम्ही घरी जाल, रात्रभर तळमळाल. पहाटेपर्यंत विनायक थोडा जवळ आलेला असेल. आठवड्यानं कंदील त्याच्या हातात असेल. आणि तुम्ही खोटं बोलत नसाल. तुम्हाला खरंच तसं आठवेल. मी शंभर माणसांत बघितलंय हे. मन फार दयाळू असतं, काका."

म्हणजे सुटका होती. गुन्हा न करता, खोटं न बोलता, नुसतं घरी जाऊन झोपायचं. बसगोंडाला त्या क्षणी त्या झोपेची इतकी भूक लागली की तो खुर्चीतून अर्धा उठला. आपण बाप आहोत, आपल्याला हे सोसणार नाही, देवही एवढं मागणार नाही, असं त्याला वाटलं. मग त्याला ओट्यावरची पूजा आठवली नाही, कायदाही आठवला नाही. त्याला पांढरा शर्ट आठवला, शेडकडं चाललेला, कंदील आणायला. त्या सकाळी चौघांपैकी एकच माणूस रीत पाळायला निघाला होता.

चौघं कसले, तिघंच. चौथा फोनवरचा मामा.

त्यानं अंगठा टेकवला. पाटीनं बारीकसा आवाज केला. एवढंच.

बाहेर बाकावर सारिका पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.  तो शेजारी बसला.

"मीच म्हणालो," बसगोंडा म्हणाला. "फोनवर हुतो. विनायक कंदील आणाय गेलता. कंदील सोडलाच नव्हता कुणी."

सारिका समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. नंतर ती बाकावर हातभर सरकली, त्याच्यापासून लांब.

"अंगठा दिला?"

"दिला."

"मग सोमवारी त्याला सोडतील."

"सोडतील. मला बोलावतील."

"बोलावू देत." तिचा आवाज कोरडा होता. "तुमच्याकडं बघायचं कसं तेच कळंना झालंय मला. घराकडं कसं जायचं दोघांनी, एका बसमधनं? मी आधीच म्हणाले हुते, नका जाऊ म्हणून."

 एक नर्स पुढून गेली, दोघांकडे बघून पाय न वाजवता गेली. सारिकाच्या हातातल्या पिशवीचा बंद सुटला होता, तो ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"त्यो बोलला काय?" तिनं अचानक विचारलं.

"कोण?"

"प्रज्वल. आत. तुमाला ऐकू आला?"

बसगोंडानं मान हलवली. "आला."

ती वळली. इतक्या वेळात पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, नुसती तहान होती. "काय म्हणाला?"

"'पप्पा, जळतोय का?' असं म्हणाला."

"तसं न्हाई. त्याच्यासारखं म्हणा. त्यो म्हणाला तसं."

बसगोंडानं डोळे मिटले. आवाज तिथंच होता, ओला, ताजा, शेवटच्या अक्षरावर थोडा वर उचललेला, लहानपणी काहीतरी मागताना उचलायचा तसा. त्यानं तो जपून उचलला आणि म्हटलं, "पप्पा, जळतोय का?"

सारिकानं तोंडावर पदर धरला. तिचे खांदे गदगदू लागले. "परत म्हणा."

"सारिका, परत परत काढलं की बदलतंय. बाई सांगतात."

"बदलू दे. म्हणा परत."

त्यानं म्हटलं. या वेळी हनुवटीवरची रेघ दिसली नाही, पण आवाज होता. ती पुन्हा म्हणाली, म्हणा. तिसऱ्यांदा म्हणताना शेवटचं अक्षर वर गेलं नाही. सपाट पडलं. ते बसगोंडाच्या स्वतःच्या आवाजात होतं, साठीकडे झुकलेल्या, घसा बसलेल्या माणसाच्या आवाजात. त्यानं आत चाचपून बघितलं. तिथं दुसरा आवाज नव्हता.

"म्हणा की," सारिका म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरच्या शिरा सैल पडल्या होत्या. तिला अजून पोराचाच आवाज ऐकू येत होता.

म्हणून त्यानं परत म्हटलं.